टूल तुटायच्या आधी

तिसरं टूलही न सांगता तुटलं. स्क्रीनवरचा दिवा शेवटपर्यंत हिरवाच राहिला.

"मॅडम, तुमचं मॉडेल झोपलंय का?" नव्या टर्नरनं लेथ बंद करत विचारलं.

पीएचडीची चार वर्षं तिनं या एका दिव्यापायी घातली होती. लेथवर टूलनं लोखंड कापलं जाताना जो आवाज होतो, त्यावरून टूल आता तुटणार हे तिच्या कॉम्प्युटरमधल्या मॉडेलनं ओळखायचं आणि दिवा लाल करायचा. महिन्यापूर्वीपर्यंत ते शंभरात शहाण्णव वेळा बरोबर ओळखत होतं. उद्या दुपारी परीक्षक येणार होते.

लेथ तोच होता, माइक तोच, लोखंडही त्याच गाडीतून आलेलं. महिन्यात बदललं होतं ते एवढंच, की आधी हा लेथ चालवणारे टर्नरकाका गेले होते. रात्री झोपले, ते सकाळी उठले नाहीत. त्यांचा अॅप्रन अजून खुंटीवर होता. नवा टर्नर आपला अॅप्रन खिडकीच्या गजाला अडकवायचा. खुंटी रिकामी कर, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

तिनं हेडफोन चढवले आणि काकांच्या वेळची एक फाइल लावली. आवाजावर चार वर्षं काम करून तिनं एकही फाइल कान लावून ऐकली नव्हती. आवाजाची चित्रं करायची आणि ती कॉम्प्युटरला घालायची, अशीच पद्धत होती. लेथ चालू असताना ती नियमाप्रमाणे कानांत बोळे घालून बसायची. काकांना बोळे चालायचे नाहीत. "कान बंद करून लेथ चालवायचा, तर डोळे मिटूनच का नको?" म्हणायचे.

लेथची घरघर. घरघरीत काकांचा श्वास, जरा धाप लागल्यासारखा. मग अगदी जवळून, माइकला तोंड लागावं इतक्या जवळून:

"च्च."

चार सेकंदांनी टूल तुटलं.

तिनं दुसरी फाइल लावली. "च्च." आणि टूल तुटलं. तिसरी, सातवी, अकरावी. काकांना आधीच कळत होतं. त्यांनी हात मागे घेतला असता तर टूल वाचलं असतं, पण रेकॉर्डिंगसाठी तिला तर ते तुटायलाच हवं होतं. चांगलं टूल डोळ्यांदेखत फुकट जातंय म्हणून ते नुसते हळहळत होते. माणूस जाऊन महिना झाला आणि तो इथे तिच्या कानात एकेका टूलसाठी जीव तोडत होता.

तिनं बारा फाइलींतून तेवढी हळहळ पुसली आणि त्या मॉडेलला पुन्हा घातल्या. बाराही वेळा दिवा हिरवा राहिला.

"काय, तयारी झाली का?" तिचे सर दारातून विचारत आत आले.

"सर, एक बघा." लेथ बंद होता. टूल कोरं होतं, त्याला लोखंडाचा स्पर्शही झाला नव्हता. ती माइकजवळ वाकली आणि टाळूला जीभ लावून म्हणाली, "च्च."

दिवा लाल झाला.

नवा टर्नर दोन पावलं मागे सरला. सरांनी लाल दिवा पाहिला आणि मागचं दार लोटून घेतलं.

"कोणाला बोललीस का हे?"

"नाही."

"मग बोलू नकोस. उद्या लेथ चालवायचाच नाही. जुन्या फाइली दाखव, त्यात शहाण्णव येतातच. परीक्षक पेपर वाचतात गं, कोणी कान लावून बसत नाही. चार वर्षं पाण्यात घालवायची आहेत का?"

चार वर्षं तिचीच होती आणि सरांचं म्हणणं तिला पटतही होतं, याचीच तिला जास्त भीती वाटली. तिनं हेडफोन सरांपुढे धरले.

"तुम्ही म्हणाल तेच करते. पण आधी ही एक फाइल ऐका."

सरांनी घड्याळ पाहिलं, नाराजीनं हेडफोन चढवले. तिनं अकरावी फाइल लावली. तिच्यात पुढे काय आहे ते तिला आता पाठ झालं होतं. घरघर. श्वास. "च्च." टूल तुटतं, लेथ थांबतो. मग काकांचा आवाज: "गेलं गं डॉक्टरीणबाई, आणखी एक गेलं. हसू नकोस, चेहरा पाडून बस, तुझे सर आले बघ." आणि लगेच, मोठ्यानं, अदबीनं: "या सर, या. बसा. स्टूल घ्या."

सरांचा हात मागे गेला, स्टूल ओढायला. हाताला काही लागलं नाही. ते वळले आणि लेथकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, कुणाला तरी "नको, असू दे" म्हणावं तसे.

नव्या टर्नरला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानं कोपऱ्यातलं स्टूल उचललं, फडक्यानं पुसलं आणि सरांच्या मागे ठेवलं. सर बसले. फाइल संपली तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिनं लावली. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं, कान झाकलेला माणूस बोलतो तसे ते उगाचच मोठ्यानं बोलले:

"उद्या परीक्षकांना पण एक स्टूल लागेल."