दार अडवणारी

क्रांतीनं दोन्ही हात पसरून दार अडवलं आणि तिथंच घोडं अडलं.

उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. मापापलीकडं अंगणात नवरा-नवरी आणि त्यांच्या मागं अख्खी भावकी. नवरा विश्वजित फौजेतला, तासन्‌तास ताठ उभं राहायची सवय असलेला. पण आज तोही सारखा पाय बदलत होता. रीत साधी. नवऱ्याच्या बहिणीनं दार अडवायचं आणि नवरीला विचारायचं, "वयनी, पयली पोरगी मला सून म्हनून देनार का?" नवरीनं हो म्हणायचं, नाव घ्यायचं, मग आत. विश्वजितला सख्खी बहीण नाही. चुलत बहीण एकच, सहा वर्षांची क्रांती. आणि क्रांती बोलताना अडखळते.

"वयनी, प... प... प..."

आठ दिवस ती गोठ्यातल्या म्हशीला हेच विचारत होती. म्हशीपुढं एकदाही अडली नाही. म्हशीला घाई नव्हती, एवढाच काय तो फरक.

इथं सगळ्यांनाच घाई. बेंजोवाल्यांना पुढची सुपारी होती, आणि तिन्हीसांजेच्या आत लक्ष्मी घरात आली पाहिजे म्हणून विश्वजितच्या आईनं दोनदा सूर्याकडं बघून घेतलं होतं.

"मी इचारू का? मला पाठ हाय!" साताऱ्याहून आलेली विश्वजितच्या मावशीची नात मागून ओरडली.

"व्हय, तिलाच उभं करा की. ह्या पोरीला कशाला तरास देताय?" कुणीतरी म्हणालं. लग्नघरात शहाण्यांना काय तोटा!

क्रांतीची आई रेश्मा दाराच्या आत, भिंतीला टेकून उभी होती. हट्टानं तिनंच पोरीला पुढं केलं होतं. शाळेत क्रांती हजेरीला नुसता हात वर करायची. 'हजर' म्हणणं तिनं दिवाळीपासूनच सोडलं होतं. आज चारचौघांत हसं झालं, तर उरलंसुरलं बोलणंही जाईल, ह्या भीतीनं रेश्माला रडू येत होतं. आणि शेजारी आजी, बनुबाई, ओठ हलवायला लागली होती.

बनुबाईची माया लय. नातीला कुणी नाव विचारलं की आजी सांगणार. भूक लागली, आजी सांगणार. पोरीला तरास नको म्हणून गेली तीन वर्षं तिचं एकूण एक वाक्य आजीच पुरं करत आली होती.

"पयली पोर..." बनुबाईनं सुरुवात केलीच.

रेश्मानं सासूचा हात धरला. "आत्याबाई, न्हाई. ती बोलंल."

"आगं, जीव चाललाय पोरीचा!"

"माझाबी चाललाय. पन बोलायचं न्हाई."

अडखळणाऱ्या पोरांना बोलायला शिकवणाऱ्या सांगलीच्या मॅडमनी सांगितलं होतं : तिचा शब्द तुम्ही बोलू नका, 'नीट बोल' म्हणू नका, तिच्या डोळ्यांत बघा आणि मनातल्या मनात दहा मोजा. रेश्माला मनात मोजणं कधी जमलंच नाही. मनात मोजता मोजता तोंडातून शब्द निसटायचा. म्हणून ती दोन्ही हात पुढं धरून एकेक बोट मिटायची. दहा झाली की परत पहिल्यापासून. स्वयंपाक करताना, वेणी घालताना, पोर अडली की हातातलं काम खाली आणि बोटं वर. क्रांतीला ती बोटं ओळखीची होती.

आत्ताही क्रांतीनं मान वळवून बघितलं. आईची बोटं चालू होती. करंगळी. मग तिच्या शेजारचं. रेश्मानं एकही बोट घाईनं मिटलं नाही.

दहा झाली. परत दहा.

"प... पयली पोरगी," क्रांती म्हणाली, आणि मग बांध फुटल्यासारखं, "मला सून म्हनून देनार का?"

"देनार!" नवरी हसून म्हणाली. बेंजोवाल्यानं टाळी वाजवली. बनुबाईनं पदरानं डोळे टिपले.

"चला, आता नाव घ्या आणि आत या बिगीबिगी!"

उंब्रजची नवरी पदर सावरून उभी राहिली. तोंडपाठ उखाणा होता तिचा.

"कृष्णेच्या काठाला... उसाचं शिवार..." ती थांबली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. "उसाचं शिवार... उसाचं..."

पुढचं गेलं. कानापर्यंत लाल झाली बिचारी.

झालं! चहूकडून गलका उठला. "विश्वजितरावांचं नाव..." "आवं, सोपं घ्या एकांदं!" "मी सांगू का?" "दिवस बुडाला, आटपा!" नवरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बनुबाईलाही उखाणा सुचला, ती सांगायला पुढं झाली.

तेवढ्यात क्रांतीनं दारावरचे हात काढले. नवरीसमोर दोन्ही पंजे उघडे धरले आणि तिच्या डोळ्यांत बघत करंगळी मिटली.

मग दुसरं बोट. मग तिसरं.

बनुबाई बघतच राहिली. तिनं स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. मागच्या बायका एकेक करत गप झाल्या. बेंजोवाल्यांतल्या ढोलकऱ्यानंही काठी खाली केली.

दहा बोटं मिटून झाली. नवरीला अजून आठवत नव्हतं.

क्रांतीनं दोन्ही पंजे परत उघडले आणि करंगळीपासून सुरुवात केली.