पुसलेला आवाज

"यंत्र बिघडलंय! हिला माझा आवाज सोडून सगळं ऐकू येतं," यशवंत खरमाटे दुरुस्ती केंद्रातल्या फरीदावर ओरडले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, नलिनीताईंना, फक्त त्यांचे हलणारे ओठ दिसत होते.

फरीदाने नलिनीताईंच्या कृत्रिम कानाला वायर जोडली आणि वायरच्या माइकमधून ती थेट त्यांच्या कानात बोलू लागली. "काकू, हा कान साठवलेलेच आवाज ऐकवतो. काल तुम्ही गाण्यांचं सॉफ्टवेअर टाकलंत, तेव्हा डिस्क भरत आली होती. त्याने जागेसाठी एक आवाज पुसला. ज्याला तुम्ही कधीच उत्तर देत नाही, तो त्याला नुसता गोंगाट वाटला."

"उत्तर देतेच कुठे ही! कितीही ओरडा, तोंड शिवलेलं," यशवंतराव गरजले. "आत्ताच्या आत्ता परत टाका!"

"काका आवाज परत टाकायला सांगताहेत," फरीदा नलिनीताईंना म्हणाली. "पण मग दुसरं काहीतरी काढावं लागेल. कुकरची शिट्टी काढू? की समोरच्यांचा कुत्रा?"

नलिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड लाल झालं होतं, मानेची शीर फुगली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या चेहऱ्याकडे त्यांना न घाबरता बघता आलं.

"कुत्रा राहू दे. शिट्टीही राहू दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच वायर काढली.