मेहकरची माती

टिच्.

दुपारच्या सामसुमीत एवढाच आवाज झाला. शैलश्री चाकापासून उठली, पण तिला घाई नव्हती. काल भट्टीतून काढलेले कप फळीवर ओळीनं मांडले होते. त्यातला सगळ्यात देखणा, तोच तडकला होता.

"गेला का आनखी एक?" आतून सासू भागम्मानं विचारलं.

"व्हय."

"माझे गुडघे बी एवढे वाजत न्हाईत गं."

शैलश्रीला हसू आलं नाही. महिनाअखेर एक तरी धड कप पाठवायचा होता. देशभरातले हातानं भांडी घडवणारे लोक कच्छकडच्या एका गावात सहा महिने एकत्र राबणार होते. त्यांच्या बरण्या, पेले ती फोनवर बोटांनी मोठे करून करून बघायची. कुणी काठावर नखानं रेघ ओढायचं, कुणाची झिलई पिकल्या जांभळासारखी. ही माणसं बसतात कशी, चिखल मळतात कसा, सगळं तिला जवळून बघायचं होतं. तिथं निवड व्हायला अट एकच होती. माती आपल्या मुलखातली, कप आपल्या हातचा.

सोनू आता सहाची झाली होती. शाळेत जायला लागली, तेव्हा कुठं शैलश्रीचे दोन्ही हात मोकळे झाले होते. भागम्मानंही सांगितलं होतं, "एक लेकरू काय, सांभाळते मी. जा तू."

माती शैलश्रीनंच निवडली होती. मेहकरच्या तळ्याकाठची. नवरा राम टेम्पो घेऊन तिकडं भाड्याला गेला, तेव्हा ती सोबत गेली होती. माती जिभेवर पारखायला तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. चिमूटभर जिभेवर ठेवायची. दाताखाली कचकचली तर चाळून घ्यायची. खारट लागली तर मात्र तिथंच टाकून यायची. खारी माती भट्टीत दगा देते. मेहकरची माती जिभेवर लोण्यासारखी विरघळली. चव भाजल्या हरभऱ्यासारखी. अशी माती तिला आजवर भेटली नव्हती.

मग कप तडकत का होते? तिनं मातीत राख वाढवून बघितली. आच कमी केली. कप सावलीत वाळवले. या कोड्यापायी वार, तारखा, कशाचंच तिला भान राहिलं नव्हतं. काम करता करता ती मातीची आणखी एक चिमूट तोंडात टाकायची. माती चांगलीच होती, यात तिला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी मातीची पुडी घेऊन ती हुलसूरहून बिदरला गेली. तिथल्या मकबूलचाचांशी तिची एका मेळाव्यात ओळख झाली होती. चाचा बिदरीकाम करायचे. काळ्या धातूत चांदीची तार बसवायची, आणि धातू काळा करायला लागणारी किल्ल्यातली माती आधी जिभेवर तपासायची, हा त्यांचा रोजचा उद्योग. तार ठोकतानाचा त्यांचा हात बघण्यात शैलश्री इतकी रमली, की तिचा चहा तसाच राहिला.

"लाव, दिखाव," म्हणत चाचांनी चिमूट तोंडात टाकली आणि लगेच दाराबाहेर थुंकले. "खारी है बेटी. एकदम खारी."

"न्हाई चाचा. गोड हाय."

"मेरेकू सिकाती क्या?"

शैलश्रीनं त्यांच्यासमोर एक चिमूट खाल्ली, मग दुसरी. चाचा बघत राहिले. "नक्को, बस कर. सब खा को जाती क्या?"

परतीच्या बसमध्ये तिला सारखी डुलकी लागत होती आणि दर वेळी जाग आली की तोच प्रश्न समोर येत होता. चाचांची जीभ आयुष्यभराच्या तंबाखूनं मेली असेल का? पण त्याच जिभेवर त्यांचं घर चाललं होतं.

घरी येताच तिनं ताटलीत माती काढली. "आत्याबाई, जरा चाखून सांगा."

"माझं तोंड कामून खराब करायलीस?"

"एकडाव बघा तरी."

भागम्मानं चाखली, थुंकली आणि तांब्या उचलला. "मीठ हाय नुसतं. तुझ्या सासऱ्यानं ही माती अंगणात येऊ दिली नसती."

"मला तर गोडच लागायली."

चूळ भरता भरता भागम्मा थांबली. तिनं सुनेला नीट न्याहाळलं. "कवापासून?"

"आणली तवापासून. कामून?"

भागम्मानं तांब्या खाली ठेवला. पदराला हात पुसत ती आत गेली. आत सोनू अभ्यास करत होती. दोघींचं काहीतरी हळू आवाजात बोलणं सुरू झालं.

दोन माणसं खारी म्हणत होती, तर खारीच असणार. शैलश्रीनं मेहकरच्या मातीचं पोतं कुंपणाकडं ओढून टाकलं. परसात सासऱ्यांच्या वेळची हुलसूरची माती भिजत पडली होती. तिनं त्यातला गोळा मळला, चाकावर ठेवला. गोळा हाताला लागताच सरळ उभा राहिला. काठ पातळ निघाला, पोट हवं तसं गोलावलं. महिनाअखेरीला अजून अवकाश होता. वाळेल, भाजेल, वेळेत पोचेल. हा कप कच्छला त्या सगळ्यांच्या कपांशेजारी मांडलेला तिला दिसायला लागला. चाक थांबवून ती त्याच्याकडं बघत बसली.

सोनू बाहेर आली. मागून आईच्या गळ्यात हात टाकून तिनं तो ओला कप बराच वेळ बघितला.

"आई," ती म्हणाली, "आज्जी म्हणायली, मी तुझ्या पोटात होते तवा तू चुलीची माती चोरून खायचीस. तवा बी तुला ती गोड लागायची म्हणं."

"मग?"

"मग आता पोटात कोण हाय?"