यंत्रातलं कळणारे

उणे चौदा अंशांत फोल्करच्या मोटरहोमचा हीटर बंद पडला आणि आल्प्समधल्या त्या कॅम्पवर बर्फापेक्षा सल्लेच जास्त पडायला लागले. एकाने फ्यूज काढला, दुसऱ्याने गॅसची टाकी बदलली, तिसरा माहितीपुस्तक मोठमोठ्याने वाचत सुटला.

"फोल्कर, जरा टपावर बघ ना," बायको इर्मगार्ट म्हणाली.

"तू गप्प बस गं. तुला काय कळतं यंत्रातलं?"

ती शेजारच्या रोझविताच्या उबदार गाडीत जाऊन सूप पीत बसली. रोझविताने खिडकीतून पाहिलं, तर फोल्करच्या टपावरचं धुराडं बर्फात पार गडप झालेलं.

"अगं, हीटरचा धूरच कोंडलाय! सांग की त्यांना."

"मला काय कळतं यंत्रातलं?" इर्मगार्टने वाडगा पुढे केला. "वाढ अजून दोन पळ्या."