माशीच्या पोटातलं विरजण

"वहिनी, चमचाभर विरजण देता?" नुकत्याच शेजारी राहायला आलेल्या बोंद्रेबाईंनी दारातून विचारलं आणि सुलभा सावध झाली.

पूर्वी कुणीही मागायचं. पण जगातलं सगळं विरजण रोगाने मेलं, आणि अंबराच्या, म्हणजे दगड झालेल्या डिंकाच्या खड्यात कोट्यवधी वर्षं अडकलेल्या माशीच्या पोटातले जंतू जागवून त्यांच्यावर दही लागू लागलं. तेव्हापासून विरजण ते जंतू जागवणाऱ्या कंपनीचं. दुसऱ्याला दिलं की परवाना रद्द, घरातलं ताक बंद. आणि सुलभाच्या सासऱ्यांना ताकाशिवाय घास उतरत नसे. पण नाही म्हणावं, तर शेजारीण खरीच अडलेली असली तर?

"दूध आणा की. इथेच लावून देते."

बोंद्रेबाई लगबगीने पातेलं घेऊन आल्या. सुलभाने करंगळी बुडवली आणि झटकली. चटकाच बसला. जन्मात एकदा तरी दही लावलेली बाई असं दूध आणत नाही. कंपनीची तपासनीस आणते.

"छान तापवलंत हो!" म्हणत सुलभाने त्यात चमचाभर विरजण घालून ढवळलं. जंतू जिवंत सापडले तरच गुन्हा होता, आणि एवढ्या गरम दुधात ते जगत नसत.

दुसऱ्या दिवशी बोंद्रेबाई पडेल चेहऱ्याने दारात. "वहिनी, दही लागलंच नाही."

"अगंबाई! काहींच्या घरी नाहीच लागत," सुलभा हळहळली.