गेंड्याची उडी

गेंडा पुन्हा खाली गेला. एकटाच. मांजर मात्र आरामात चौथऱ्यावर चढलं आणि टीव्हीच्या पडद्यावर त्याच्या नावाने आतषबाजी सुरू झाली.

गेंडा बाबांचा, मांजर लेकीचं. आज एकोणिसावा दिवस आणि एकोणिसावा पराभव. बाबांचा उजवा पाय अजून फरशी दाबून धरून होता. वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्याचा पाय तो, पडत्या गेंड्यालाही ब्रेक लावायला निघाला होता. लेकीने खेळ बंद केला आणि काही न बोलता ती आत गेली.

काही न बोलता म्हणजे अक्षरशः. महिन्यापूर्वी शाळेत, वर्गशिक्षिकेसमोर, बाबांची जीभ सैल सुटली होती. दिवसभर बटणं बडवते, त्याला काय अक्कल लागते, हिच्या हातून काही व्हायचं नाही, असं ते बोलून बसले. तेव्हापासून लेक जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागत होती. निरोपही आईमार्फतच आला. बटणंच बडवायची आहेत ना, मग मला एकदा हरवून दाखवा, त्या दिवशी बोलेन. रोज संध्याकाळी एक डाव.

अक्कल लागते हे बाबांना पहिल्याच संध्याकाळी कळलं. ती आपल्याकडे बेताचीच आहे, हे कळायला आणखी दोन दिवस लागले.

गाडी शिकायला येणाऱ्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना हा खेळ येत होता. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं नाचवत सगळं समजावलं. चौथरा आभाळात तरंगतो, खाली पडला तो हरला. समोरचा चौथऱ्यावर उभा असेल तर त्याच्या डोक्यावर उडी मारून फायदा नाही, नुसता धक्का बसतो. तो कडेबाहेर गेला आणि खालून वर येऊ लागला, की आपणही बाहेर उडी घ्यायची. मग हवेतच खालचा बाण आणि माराचं बटण एकदम दाबायचं. गेंडा आधी पाय पोटाशी घेतो, मग दोन्ही पायांनी सरळ खाली येतो. बरोबर डोक्यावर आला तर समोरचा पाताळात. हुकला तर परत फिरता येत नाही, गेंडाच पाताळात.

"सर, तुम्ही घाई करता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा थांबायला शिका."

एवढ्यात वळण आलं आणि त्यांचा पाय हलायच्या आत सर आपल्या बाजूचा ब्रेक दाबून मोकळे झाले. समोरच्याला संधी मिळायच्या आत ब्रेक, हीच त्यांची वीस वर्षांची कमाई होती.

विसाव्या संध्याकाळी मांजर नेहमीसारखं कडेवरून घसरलं. नेहमीच्याच जागी, चौथऱ्याच्या जरा खाली, शेपटी गरगर फिरवत तरंगत राहिलं. एका उडीत ते वर आलं असतं. पोरगी आपल्याला वाकुल्या दाखवतेय, असं बाबांना रोज वाटायचं. रोज त्यांचं डोकं फिरायचं आणि बोट आधीच पडायचं.

आज त्यांनी मांडी घातली, म्हणजे पायाला ब्रेक सापडायला नको. गेंडा बाहेर झेपावला. थांब, त्यांनी स्वतःला बजावलं. अजून थांब. मग दोन्ही बटणं दाबली.

गेंड्याचे पाय मांजराच्या टाळक्यावर बसले. मांजर सरळ खाली गेलं.

बाबा उठून उभेच राहिले. बायकोला हाक मारावी, डॉक्टरीणबाईंना फोन लावावा, जमलं तर वर्गशिक्षिकेलाही कळवावं, असं त्यांना झालं. छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांची धडगत नव्हती.

"बघितलंस? शेवटी नेम साधला की नाही?"

लेकीने कंट्रोलर बाजूला ठेवला. ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"रोज तिथंच थांबत होते मी, बाबा," ती म्हणाली. "किती दिवस लावलेत तुम्ही."