बोगद्याची बाजू

सिडनीतल्या आमच्या गल्लीतली घरं पाडून मोटरवे न्यायचा की जमिनीखालून बोगदा खणायचा, यावर दोन वर्षं वाद चालला. मी बोगद्यासाठी सह्या गोळा केल्या, सभांमध्ये भांडले आणि आईचं घर वाचवलं. आई त्यात एकटीच राहिली आणि गेल्या महिन्यात गेली.

काल घर आवरताना शेजारच्या कार्मेलामावशी म्हणाल्या, "बोगदा मंजूर झाला त्या दिवशी तुझी आई रडली होती, पोरी."

"आनंदानं?"

"कसला आनंद! घरी केलेल्या टोमॅटो सॉसच्या बाटल्यासुद्धा खोक्यांत भरून बसली होती ती. म्हणायची, घर गेलं की लेक मला घेऊन जाईल."



तिला माझ्याकडे आणावं लागेल, या धास्तीनंच मी बोगदा मागितला होता.